मीरा : इचलकरंजीची गाडी, जी बाजारात आलीच नाही



उटनूरला राहणाऱ्या माणसाला गाडीचे महत्त्व वेगळे सांगायला नको. आदिलाबादला जायचे तर इंद्रवेल्ली आणि गुडीहतनूरवरून जावे लागते. सडकेवर आरटीसीची बस आहे, शेअर ऑटो आहेत. पण सडक सोडून आत शिरले की चित्र बदलते. डोंगराच्या कुशीतले गोंड आणि कोलाम बांधवांचे गुडे, मध्ये ओढे, काळ्या मातीचा चिखल. कापूस बाजारात न्यायचा तर बंडी किंवा ट्रॅक्टर. पावसाळ्यात एखाद्या आजारी माणसाला किंवा बाळंतीणबाईला खाटेवर किंवा डोलीत घालून सडकेपर्यंत आणावे लागते, हे आपल्या भागात कोणाला नवीन नाही.

अशा ठिकाणी कशी गाडी हवी? स्वस्त हवी. चार माणसे किंवा दोन माणसे आणि दोन पोती नेणारी हवी. खड्ड्यात मोडू नये, मोडली तर गावातल्या मिस्त्रीला दुरुस्त करता यावी आणि तेल कमी प्यावे. अशी गाडी बनवण्याचे स्वप्न जगात अनेकांनी पाहिले. काहींचे पूर्ण झाले, बऱ्याच जणांचे अर्ध्यावर राहिले. आपल्या मराठी मुलखातल्या एका माणसाचे असेच अर्ध्यावर राहिलेले स्वप्न आज आपण समजून घेऊ या. अर्ध्यावर राहिलेल्या कामातही शिकण्यासारखे पुष्कळ असते.

शंकरराव कुलकर्णी आणि त्यांची मीरा

कोल्हापूर जिल्ह्यातील इचलकरंजी हे यंत्रमागांचे गाव. तिथे घरोघरी माग चालतात, त्यामुळे लोखंड कापणे, घासणे, जोडणे, सुटा भाग तयार करणे ही कामे जाणणारे कारागीर तिथे पूर्वीपासून आहेत. याच गावात शंकरराव कुलकर्णी यांनी स्वतःची मोटारगाडी तयार केली. तिचे नाव त्यांनी ठेवले ‘मीरा’. पहिला नमुना १९४९ साली रस्त्यावर आला. देशाला स्वातंत्र्य मिळून तेव्हा दोनच वर्षे झाली होती.

शंकरराव एका नमुन्यावर थांबले नाहीत. पुढची वीसेक वर्षे ते गाडीत सुधारणा करीत राहिले आणि एकामागून एक नवे नमुने बनवीत राहिले. १९७० च्या सुमारास तयार झालेली मीरा ही छोटी, सुबक, मागच्या बाजूला दोन सिलिंडरचे इंजिन असलेली गाडी होती. एका लिटर पेट्रोलमध्ये सुमारे २० किलोमीटर जाईल आणि सुमारे १२,००० रुपयांत मध्यमवर्गीय कुटुंबाला घेता येईल, असा त्यांचा हिशेब होता. त्या काळी देशात मोटार म्हणजे मुख्यतः ॲम्बॅसिडर, फियाट किंवा स्टँडर्ड. पैसे भरूनही गाडीसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून बसावे लागे. अशा वेळी एका लहान गावातून आलेली ही गाडी लोकांना आवडली यात नवल नाही.

पण मीराचा कारखाना उभा राहिला नाही. उत्पादनाची सरकारी परवानगी मिळाली नाही, मोठे भांडवल जमले नाही, आणि गाडी नमुन्यांपुरतीच राहिली.

गाडी स्वस्त कशी करतात?

आता थोडे यंत्राकडे पाहू. स्वस्त गाडी बनवायची म्हणजे हलका माल वापरून फसवणूक करायची असे नव्हे. स्वस्त गाडी म्हणजे ज्या भागावाचून काम चालते तो भाग काढून टाकलेली गाडी. मीरामध्ये हे दोन ठिकाणी चांगले दिसते.

पहिले, इंजिनाची जागा. इंजिन पुढे आणि ओढणारी चाके मागे असतील, तर इंजिनाची शक्ती मागे न्यायला गाडीच्या पोटाखालून एक लांब फिरता दांडा घालावा लागतो. इंजिन मागेच ठेवले की हा दांडा वाचतो, त्याचे वजन वाचते, गाडीची जमीन सपाट होते आणि आत पाय ठेवायला जागा मिळते. शिवाय इंजिनाचे ओझे ओढणाऱ्या चाकांवर पडल्याने चिखलात चाक कमी घसरते. जर्मनीच्या प्रसिद्ध फोक्सवॅगन बीटल गाडीतही इंजिन मागेच होते.

दुसरे, धक्के शोषणारी रचना. मी हिंदी माध्यमातून शिकलेला असल्याने मला ‘कमानी’ हा शब्द आधी आठवतो. आपल्याकडे त्याला पाटा म्हणतात. जीपच्या किंवा ट्रकच्या चाकावर पोलादी पट्ट्यांची जुडी असते, तो पाटा. त्याला क्लिपा, पिना, बुश असे किती तरी सुटे भाग लागतात. त्यांना ग्रीस द्यावे लागते आणि ते झिजतात. शंकररावांनी पोलादी पाट्यांऐवजी रबर वापरले. रबर दाबले की आखडते, सोडले की पूर्ववत होते आणि थोडा धक्का स्वतःच जिरवते. सुटे भाग कमी, ग्रीसची कटकट कमी आणि आवाजही कमी. इंग्लंडमध्ये १९५९ साली आलेल्या ‘मिनी’ या गाडीतही ॲलेक्स मोल्टन या अभियंत्याने रबराचीच योजना केली होती. म्हणजे इचलकरंजीत चाललेला विचार जगातल्या मोठ्या अभियंत्यांच्या विचाराला समांतर होता.

फ्रान्समधील सित्रोएन कंपनीची ‘टू सीव्ही’ ही गाडीही येथे आठवते. ती १९४८ मध्ये लोकांसमोर आली. तिच्या आराखड्याआधी अभियंत्यांना दिलेली अट फार बोलकी होती. दोन शेतकरी आणि ५० किलो बटाटे घेऊन गाडी ताशी ६० किलोमीटर वेगाने गेली पाहिजे, आणि नांगरलेल्या शेतातून नेली तरी टोपलीतली अंडी फुटता कामा नयेत. पाहा, अटीत चकचकीत रंग नाही, वेगाची फुशारकी नाही. आहे तो शेतकरी, त्याचा माल आणि त्याचे शेत. ही गाडी १९९० पर्यंत बनत होती. आराखड्याची सुरुवात कागदावरच्या चित्राने होत नाही, ती माणसाच्या गरजेने होते, हे यातून शिकावे.

लहान इंजिन पुरते का? चला, हिशेब करू

पालक मला विचारतील, एवढेसे इंजिन घाट चढेल काय? नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांनी हे गणित वहीत करून पाहावे.

गाडी ६०० किलो, चार माणसे २४० किलो आणि सामान १६० किलो धरा. एकूण १,००० किलो. दहा मीटर चालल्यावर एक मीटर वर नेणारा चढ धरा. गुरुत्वत्वरण सोयीसाठी १० घेतले तर वजन १०,००० न्यूटन, आणि चढावर गाडीला मागे ओढणारे बल त्याच्या दहाव्या भागाइतके, म्हणजे १,००० न्यूटन. खडबडीत रस्त्याचा विरोध आणखी ३०० न्यूटन धरू. एकूण १,३०० न्यूटन.

ताशी १८ किलोमीटर म्हणजे सेकंदाला ५ मीटर. शक्ती म्हणजे बल गुणिले वेग : १,३०० × ५ = ६,५०० वॅट. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट, म्हणून सुमारे पावणेनऊ अश्वशक्ती. गिअरमध्ये थोडी शक्ती वाया जाते ती धरून दहा म्हणा. सपाट चांगल्या रस्त्यावर ताशी ५४ किलोमीटर वेगाने, म्हणजे सेकंदाला १५ मीटर जायचे असेल, तर रस्ता आणि हवा यांचा मिळून विरोध सुमारे २५० न्यूटन धरावा. २५० × १५ = ३,७५० वॅट, म्हणजे पाचच अश्वशक्ती!

तेव्हा पंधरा-सोळा अश्वशक्तीचे इंजिन आणि नीट जुळवलेले गिअर असतील, तर चार माणसांची गाडी घाट चढू शकते. हळू चढेल, पण चढेल. हाच चढ ताशी ३६ किलोमीटरने चढायचा म्हटले तर शक्ती दुप्पट, म्हणजे सुमारे साडेसतरा अश्वशक्ती लागेल. वेग वाढवला की खर्च वाढतो तो असा. स्वस्त गाडी बनवणाऱ्याला पहिल्याच दिवशी ठरवावे लागते की आपल्या माणसाला पोचायचे आहे की शर्यत लावायची आहे.

हे केवळ कागदावरचे गणित नाही. २००५ साली टाटा मोटर्सने ‘एस’ नावाचा छोटा मालवाहू ट्रक आणला. लोक त्याला ‘छोटा हाथी’ म्हणतात. त्याचे पहिले इंजिन दोन सिलिंडरचे आणि सोळाच अश्वशक्तीचे होते. आठवडी बाजारात भाजीपाला, कोंबड्या, सिमेंटची पोती वाहणारे हे वाहन आपण सर्वांनी पाहिले आहे. ते तयार करणाऱ्या चमूचे प्रमुख गिरीश वाघ हे मराठी अभियंतेच.

एक गाडी आणि एक लाख गाड्या

मग मीरा का अडली? येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. एक गाडी बनवणे आणि एकसारख्या हजारो गाड्या बनवणे ही दोन अगदी वेगळी कामे आहेत.

एक गाडी कुशल कारागीर हाताने पत्रा ठोकून बनवू शकतो. दार बसले नाही तर घासून बसवतो. पण हजार गाड्यांत पहिल्या गाडीचे दार हजाराव्या गाडीलाही न घासता बसले पाहिजे. त्यासाठी पत्रा दाबण्याचे पोलादी साचे लागतात आणि ते फार महाग असतात. समजा, साच्यांना ५० लाख रुपये लागले. गाड्या फक्त १०० विकल्या, तर प्रत्येक गाडीवर साच्याचा बोजा ५०,००० रुपये. ५०,००० गाड्या विकल्या, तर बोजा केवळ १०० रुपये. म्हणजे स्वस्त गाडी स्वस्त व्हायची तर ती पुष्कळ विकली गेली पाहिजे, आणि पुष्कळ विकायची तर आधी पुष्कळ पैसा घातला पाहिजे. शंकररावांसारख्या एकट्या माणसाची खरी अडचण हीच असते. गाडी त्याच्या हातात असते, कारखाना नसतो.

शिवाय टायर, काच, बॅटरी, दिवे वेळेवर पुरवणारे लोक हवेत. गावोगावी सुटे भाग आणि दुरुस्ती हवी. ब्रेक, दिवे, धूर यांची तपासणी हवी. पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ही तपासणी करणारी संस्था १९६६ साली स्थापन झाली.

परवान्यांचा काळ

दुसरी अडचण त्या काळाची होती. १९५१ च्या उद्योग कायद्यानुसार मोटारीसारखी वस्तू बनवायला केंद्र सरकारचा परवाना लागत असे. कोणी काय बनवायचे आणि किती बनवायचे हे दिल्लीत ठरे. यामागे विचार नव्हता असे नाही. देशात पोलाद कमी होते, परकीय चलन कमी होते. आधी धरणे, खते, रेल्वे, बस आणि ट्रक, मग मोटारी, असा क्रम होता. उटनूरसारख्या भागाने त्या वेळी बस आधी मागितली असती की मोटार, याचा विचार केला तर तो क्रम अगदीच चुकीचा वाटत नाही.

पण या पद्धतीचा तोटाही झाला. सामान्य माणसाच्या लहान मोटारीची चर्चा १९५९-६० पासून चालली. समित्या बसल्या, अहवाल आले, पण निर्णय लांबत गेला. ज्यांच्याकडे परवाने होते त्यांना स्पर्धा नव्हती, म्हणून जुन्याच गाड्या वर्षानुवर्षे विकल्या गेल्या. आणि ज्यांच्याकडे नवी कल्पना होती, त्यांना दारात उभे राहावे लागले.

तरी केवळ परवाना मिळाला म्हणजे गाडी होते असेही नाही. १९७० साली संजय गांधी यांना लहान मोटारीसाठी सरकारचे इरादापत्र मिळाले. गुडगावजवळ जमीन मिळाली, कंपनी निघाली, पण ती गाडी नियमित उत्पादनापर्यंत पोचली नाही आणि त्या दशकाच्या अखेरीस कंपनी बंद पडली. पुढे १९८१ मध्ये सरकारने मारुती उद्योग ही नवी कंपनी काढली, जपानच्या सुझुकीशी करार केला आणि डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली. मध्यमवर्गाची लहान मोटार शेवटी आली ती अशी, पहिल्या मीरानंतर चौतीस वर्षांनी. मोटार उद्योगावरचे परवान्याचे बंधन तर १९९३ मध्ये उठले.

मीरानंतर

दोन सिलिंडरचे इंजिन मागे असलेली, सामान्य कुटुंबाची गाडी भारतात पुन्हा दिसली ती २००८ मध्ये. ती टाटांची नॅनो. ६२४ घनसेंटिमीटरचे इंजिन, आणि एक लाख रुपयांची गाडी म्हणून तिची जगभर चर्चा झाली. तिच्यामागे भांडवल होते, कारखाना होता, शेकडो अभियंते होते. साणंदचा कारखाना वर्षाला अडीच लाख गाड्यांच्या हिशेबाने उभारला होता. पण तेवढी विक्री कधीच झाली नाही आणि दहाएक वर्षांत उत्पादन थांबले. ‘सर्वांत स्वस्त गाडी’ ही ओळखच लोकांना नकोशी वाटली, असे पुष्कळ जाणकार सांगतात. गरजेला किंमत असते, तसा माणसाला मानही असतो. स्वस्त वस्तू बनवणाऱ्याने ग्राहकाला स्वस्त समजू नये, हा नॅनोचा धडा.

आणखी एक अलीकडची गोष्ट. सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातले भाग जुळवून पायाने किक मारून सुरू होणारी छोटी जीप बनवली. खर्च सुमारे ६०,००० रुपये. डिसेंबर २०२१ मध्ये उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी तिचे कौतुक केले, आणि ही गाडी नियमांत बसत नसल्याने ती रस्त्यावर फार काळ चालू दिली जाणार नाही, हेही स्पष्ट सांगितले. २०२२ च्या जानेवारीत लोहार कुटुंबाला त्या गाडीच्या बदल्यात नवी बोलेरो मिळाली. कौतुक आणि नियम या दोन्ही गोष्टी येथे खऱ्या आहेत. ब्रेक न लागणारी गाडी कितीही कौतुकाची असली तरी समोरून चालत येणाऱ्या मुलासाठी ती धोकाच असते.

आपल्यासाठी यात काय आहे?

विद्यार्थ्यांनो, शंकरराव मोठ्या शहरातले नव्हते. त्यांच्याजवळ होती ती पाहण्याची दृष्टी, मोजण्याची सवय आणि वीस वर्षांची चिकाटी. एखादी वस्तू मोडली की ती फेकण्याआधी उघडून पाहा. पाहिले ते वहीत लिहा, माप घ्या, चित्र काढा. नुसती कल्पना हवेत राहते, माप घेतलेली कल्पना दुसऱ्याच्या हातात देता येते.

पालकांना एक विनंती. ‘शिकला नाहीस तर गॅरेजमध्ये जाशील’ हे वाक्य आपल्या घरांत फार ऐकू येते. कृपया ते बोलू नका. त्याने दोन नुकसान होतात. हाताने काम करणाऱ्याचा अपमान होतो, आणि ज्या मुलाचा हात यंत्रावर चालतो त्याला आपण कमी आहोत असे वाटू लागते. दहावीनंतर आयटीआय किंवा पॉलिटेक्निकला जाणारा मुलगा किंवा मुलगी मागे पडलेली नाही. मात्र गणित आणि विज्ञान त्यांच्याही वाटेला हवेच, कारण वरचा हिशेब मिस्त्रीलाही लागतो.

विश्वस्तांपुढेही हा विषय मुद्दाम ठेवतो. प्रयोगशाळेत परीक्षानळ्या आहेत तसे एका खोलीत एक भक्कम टेबल, एक वाइस, कानस, करवत, पाने आणि एक जुने स्कूटरचे इंजिन असावे. मोठी रक्कम लागणार नाही. बंडीच्या चाकाला बेअरिंग कसे बसवावे, चिखलात कमी रुतणारी हातगाडी कशी करावी, डोलीऐवजी दोन माणसांना ढकलता येईल अशी एकचाकी खाट बनेल काय, असे प्रश्न आपल्या मुलांनी तिथे हाताने सोडवून पाहावेत. या प्रश्नांची उत्तरे पुण्याहून किंवा हैदराबादहून येण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. प्रश्न आपले आहेत, रस्ते आपल्या पायाखालचे आहेत.

इयत्ता आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी काम : आपल्या घरापासून शाळेपर्यंतच्या रस्त्यावरचा सर्वांत अवघड चढ शोधा. दोरी आणि पाण्याची लेव्हलनळी वापरून तो किती मीटरला किती मीटर चढतो ते मोजा. मग वर दिलेल्या पद्धतीने १,००० किलोची गाडी त्यावर ताशी १८ किलोमीटरने न्यायला किती अश्वशक्ती लागेल ते काढा. वह्या विज्ञानाच्या शिक्षकांकडे जमा कराव्यात. पुढील अंकात आपण उटनूर परिसरातील चढांचा तक्ता छापू.